छत्तीसपैकी साडेसतरा

विनिता चौबळच्या वर्गात एक दोरी होती. फळ्यावरच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत ताणून बांधलेली, घरी कपडे वाळत घालायला असते तसली नायलॉनची. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला एक. सहावीच्या मुलांनी एकेक चिठ्ठी उचलायची आणि दोरीवर तिची जागा शोधून चिमट्याने अडकवायची. तीन अष्टमांश. पॉइंट चार. पस्तीस टक्के. दरवर्षी नवी मुलं यायची आणि जुनीच चूक करायची. पस्तीस टक्के ऐटीत पुढे, पॉइंट चार बिचारा मागे, कारण चारापेक्षा पस्तीस मोठे. एक अष्टमांशही एक चतुर्थांशाच्या पुढे जाऊन बसायचा.

"टीचर, आठ मोठा आहे ना पण?"

"आठ मोठाच आहे. बाकावर आठ जण बसले तर तुला ऐसपैस बसायला मिळतं का?"

मुलं हसायची. मग विनिता तिचं ठरलेलं वाक्य टाकायची. "आधी सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावा. मग कोण मोठा ते ठरवा."

शाळेच्या तपासणीच्या वेळी सुपरवायझर बाईंनी ती दोरी काढून टाकली होती. वर्ग कसा धोबीघाटासारखा दिसतो म्हणे. तपासणी संपायच्या आत विनिताने ती परत बांधली. बाईंनी पुन्हा काढली, विनिताने पुन्हा बांधली. शेवटी बाईच कंटाळल्या. स्टाफरूममध्ये तिला हट्टी म्हणायचे, आणि तिला त्यात वावगं वाटत नसे.

घरात मात्र हा हट्ट कोणी फारसा पाहिला नव्हता. गिरगावातून भाईंदरला, जेसल पार्कमध्ये बिऱ्हाड हलवायचं ते तिच्या नवऱ्याने, आत्मारामांनी ठरवलं. फरशी कुठली, गॅलरीला जाळी की काच, मुलाला, विपुलला, कॉमर्स की सायन्स, तेही त्यांनीच. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उचलला नाही. लग्नाआधी पत्रिका पाहिली तेव्हा छत्तीसपैकी तीस गुण जुळले होते आणि दोन्ही घरांत पेढे वाटले होते. फक्त त्या तीस गुणांच्या संसारात कुठल्याही गोष्टीवर विनिताला काय वाटतं, हे विचारायचं राहून गेलं. मग हार्ट अटॅकने आत्माराम गेले. विपुलचं लग्न झालं, रुचिता घरात आली, आणि ठरवायचं काम आपोआप विपुलकडे गेलं. जणू टीव्हीचा रिमोट.

शिवदास पाटील तिच्या आयुष्यात आला तो कढीपत्त्यामुळे. तिच्या गॅलरीत कढीपत्ता जगत नव्हता. चार रोपं मेल्यावर शाळेतल्या शिपायाने सांगितलं, "मोरव्याला जावा टीचर, शिवदासच्या नर्सरीत." मोरवा म्हणजे पश्चिमेचं जुनं गाव. शिवदासच्या बापजाद्यांची तिथे मिठागरं होती, भातशेती होती. आता उरलेल्या तुकड्यावर त्याने हिरवी जाळी टाकून रोपवाटिका केली होती. साठीच्या आतबाहेरचा, विधुर, पायात कायम गमबूट. त्याने रोप दिलं नाही. आधी विचारलं, "उन कवरा येतं तुमच्याकं?"

"सकाळी तासभर."

"मंग जगाचा न्हाय. उगाच जीव नका घेव त्याचा."

दुकानदार माल विकायला नाही म्हणतो, हे भाईंदरमध्ये तिने पहिल्यांदाच पाहिलं. ती पुन्हा गेली. मग पुन्हा. एका दुपारी त्याने तिला विचारलं की गॅलरीत काय असावंसं वाटतं. तिला पटकन उत्तरच देता येईना. सवय नव्हती. तो आपला कुंड्यांना पाणी घालत शांतपणे थांबला. आणि ती, चोपन्न वर्षांची बाई, शेवटी म्हणाली, "अबोली." आजोळी तिच्या आईची अबोली होती. हे तिने कित्येक वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभराने त्याने लग्नाचं विचारलं, तेही रोपाबद्दल विचारावं तसंच. उत्तराची घाई न करता. त्याची मुलगी पनवेलला होती, तिने फोनवर हसून "बरं झालं बाय" म्हटलं. राहिलं विनिताचं घर.

तिने एका संध्याकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. विपुलने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. रुचिता, पाचवा महिना लागलेला, बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिली. कोणी ओरडलं नाही. विपुल एवढंच म्हणाला, "बघू." हे "बघू" आत्मारामांचं होतं, अगदी त्यांच्याच सुरातलं. विनिताला त्याचा अर्थ पाठ होता.

रविवारी सकाळी दादरहून गिरिजावन्सं आल्या. आत्मारामांची मोठी बहीण. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आणि पर्समध्ये दुमडलेला कागद. वड्या सगळ्यांना देऊन झाल्यावर त्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या. विनिताने ओळखलं, मुक्काम पक्का आहे.

"हे बघ विनिता, मी काही जुन्या विचारांची नाही," त्यांनी सुरुवात केली. "बाईने दुसरं लग्न करूच नये असं माझं म्हणणं नाही. विपुलचंही नाही. हो की नाही रे?"

"हो आत्या."

"पण डोळे मिटून कसं करायचं? म्हणून मी आमच्या गुरुजींकडून पत्रिका जुळवून आणली. तुझी माझ्याकडे होतीच. छत्तीसपैकी किती, माहितीये? साडेसतरा!" त्यांनी तो आकडा असा उच्चारला की जणू शिवदासला ताप मोजून आणला होता. "अठरा लागतात. अठराच्या आत गुरुजी पुढचं बोलतसुद्धा नाहीत."

"अर्ध्या गुणाने नापास?" विनिता म्हणाली.

"नापास ते नापास."

"आणि आई," विपुल पुढे सरसावला, "तुला कोणाची सोबत हवीच असेल तर आत्याने एक स्थळ आणलंय. बोरिवलीचे कर्णिक. बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेत. आपल्यातले. रुचिताने लग्नाच्या अ‍ॅपवर जन्मतारखा टाकून मॅच केलं. चौऱ्याहत्तर टक्के!"

"साडेसतरा कुठे आणि चौऱ्याहत्तर कुठे," गिरिजावन्संनी वडीचा तुकडा तोंडात टाकला. "तूच सांग. गणिताची बाई तू."

विनिताने दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवून पाहिले. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसू ओसरलं तेव्हा त्याच्या जागी राग होता, लख्ख आणि थंड. इतकी वर्षं सहावीच्या मुलांची ही चूक ती सुधारत आली होती. पण मुलं चुकत होती. ही माणसं चुकत नव्हती.

"रुचिता," ती म्हणाली, "कर्णिकांची पत्रिका गुरुजींना दाखवली नाही का?"

रुचिताने विपुलकडे पाहिलं. विपुलने आत्याकडे.

"दाखवली," गिरिजावन्सं म्हणाल्या.

"किती आले?"

"आले की चांगले."

"किती, वन्सं?"

"अठरा." आवाज जरा खाली आला. "पण पास आहेत!"

"आणि शिवदासना अ‍ॅपवर टाकलं नाहीस, रुचिता?"

"टाकलं होतं," रुचिता पुटपुटली. "एकाहत्तर टक्के. आणि दुसऱ्या एका साइटवर पाचपैकी स्टार देतात. त्यावर शिवदासकाका तीन पॉइंट सहा, कर्णिक तीन पॉइंट चार."

"रुचिता!" विपुल म्हणाला.

"आईंनी विचारलं म्हणून सांगितलं ना!"

विनिता उठली. टेलिफोनजवळच्या वहीचा एक कागद फाडून तिने त्याच्या पट्ट्या केल्या, मार्करने मोठे आकडे लिहिले आणि गॅलरीत गेली. दोरीवर विपुलचे ऑफिसचे शर्ट वाळत होते. ते तिने गोळा करून त्याच्या हातात दिले.

"हे काय चाललंय, आई?"

"तुमच्या आत्यानेच म्हटलं ना, गणिताची बाई तू. या इकडे. वन्सं, तुम्हीसुद्धा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आणते."

गिरिजावन्सं दुखरे गुडघे घेऊन आल्या. उत्सुकता त्यांना कधी घरी बसू देत नसे.

"डावीकडे शून्य, उजवीकडे एक. एक म्हणजे पूर्ण, देवाने जोडी बांधून पाठवली असं. आता सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावू. छत्तीसपैकी साडेसतरा म्हणजे पॉइंट एकोणपन्नासच्या जरा आत. हे शिवदास." तिने चिमटा लावला. "छत्तीसपैकी अठरा, पॉइंट पाच. हे कर्णिक. बघा, चिमट्याला चिमटा लागतोय. पाचपैकी तीन पॉइंट चार म्हणजे पॉइंट अडुसष्ट, परत कर्णिक. एकाहत्तर टक्के शिवदास. पाचपैकी तीन पॉइंट सहा, पॉइंट बहात्तर, शिवदास. आणि सगळ्यांच्या उजवीकडे तुमचे लाडके चौऱ्याहत्तर. आता सांगा, कोण पुढे?"

दोरीवर सहा पट्ट्या हलत होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. समोरच्या बिल्डिंगमधली मिनल कपडे वाळत घालता घालता थांबून बघायला लागली.

"वर्गात एखादं पोर एका मुलाचे छत्तीसातले गुण आणि दुसऱ्याचे शंभरातले गुण शेजारी ठेवतं, तेव्हा मी त्याला समजावते," विनिता म्हणाली. "कारण त्याला कळत नसतं. तुम्हाला सगळं माहीत होतं. शिवदासचा सगळ्यात लहान आकडा उचललात आणि कर्णिकांचा सगळ्यात मोठा. याला चूक नाही म्हणत, वन्सं. लबाडी म्हणतात."

"बघ विपुल, कशी बोलते तुझी आई!" गिरिजावन्संचा चेहरा लाल झाला. पण त्या सहज हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तरी मी सगळं सांगितलं नाहीये. गुरुजी म्हणाले, नाडी एक आहे. नाडीचे आठच्या आठ गुण गेलेत त्याचे. नाडीदोष! कर्णिकांचे आठही जुळलेत."

"नाडी कशासाठी बघतात, वन्सं?"

"कशासाठी म्हणजे?" त्या अडखळल्या. "संततीसाठी."

रुचिता पोटावर हात धरून हसायला लागली. "आत्या, आईंना आता या वयात… सॉरी, पण… मला नवा दीर की नणंद हवी असं वाटलं का तुम्हाला?"

विनितालाही हसू आवरेना. "ते आठ काढून टाका मग, वन्सं. मला नकोत. उरले अठ्ठावीस. शिवदासचे साडेसतरा तसेच राहिले. अठ्ठावीसपैकी साडेसतरा, साडेबासष्ट टक्के झाले. कर्णिकांच्या अठरांतले आठ गेले, राहिले दहा. अठ्ठावीसपैकी दहा. पस्तीस टक्क्यांच्या जरा वर. काठावर पास."

"म्हणजे आता तो चांगला ठरला?" विपुलने शर्टांचा गोळा खुर्चीवर आदळला. "हेच सिद्ध करायचं होतं ना तुला?"

"नाही," विनिता म्हणाली. "त्याची जन्मतारीख कुठून आणलीत ते सांग."

"त्यांच्या नर्सरीत केक कापला होता ना. तूच फोटो दाखवलेलास. एक जून."

"एक जून."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता.

"बोला बाई."

"शिवदास, तुमचा जन्म एक जूनचा का?"

पलीकडे तो मोठ्याने हसला. "तो तं मास्तरनी लिवला! शालंत घातला तवा आयेला तारीख इचारली. आये म्हनली, मीठ ओढाचं चालू व्हतं नं भरती लागली व्हती. मास्तर बोलला, भरती काय लिवू, एक जून लिवतो. आमच्या आख्ख्या आलीतल्या पोरांचा वाढदिवस एक जूनला. केक येकच लागतं. का वो? काय झाला?"

"काही नाही. पोरांना एक उदाहरण घालून देत होते."

तिने फोन बंद केला. तिच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरांतही पानंच्या पानं एक जूनने भरलेली होती. ज्या घरांत तारखा कोणी लिहून ठेवल्या नाहीत, तिथल्या सगळ्या मुलांना मास्तरांनी शाळा उघडण्याआधीची सोयीची तारीख देऊन टाकलेली. तिला हे माहीत होतं, आणि तरी मागच्या महिन्यात एका दुपारी तिनेही चोरून तोच एक जून अ‍ॅपमध्ये टाकला होता. एकाहत्तर टक्के बघून बरं वाटलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटून तिने अ‍ॅप काढून टाकलं होतं.

"वन्सं, तुम्ही ज्याची पत्रिका जुळवलीत तो माणूस जन्मालाच आलेला नाही," ती म्हणाली. "अर्ध्या गुणापर्यंत बारीक हिशोब केलात, तोही मास्तरांनी मनाने लिहिलेल्या तारखेवर."

"मग खरी तारीख काढ. परत जुळवू."

"खरी कोणालाच माहीत नाही. त्यांची आई गेली."

"म्हणजे गुणच निघणार नाहीत?" गिरिजावन्संना हे नापास होण्यापेक्षा भयंकर वाटलं. "मग काय धरायचं? शून्य?"

"धरा शून्य." विनिताने दोरीवरून शिवदासच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि डाव्या टोकाला, भिंतीच्या हुकाजवळ, एकाच चिमट्यात अडकवल्या. "बघा, धरलं. आता मी शून्य गुणांच्या माणसाशी लग्न करतेय. पुढे बोला."

पुढे बोलायला आकडे उरले नव्हते. विपुलच्या तोंडून तेव्हा खरं बाहेर पडलं.

"आई, तो हाय-न्हाय करतो. गमबूट घालून फिरतो. माझ्या ऑफिसमधल्यांना मी काय सांगू, हे माझे… काय? रुचिताच्या माहेरचे बारशाला येतील, तेव्हा तू कुठे असशील? मोरव्याला? बाबांचा फोटो हॉलमध्ये आहे. लोक काय बोलतील, तुला काहीच वाटत नाही?"

"आता कसं मराठीत बोललास," विनिता म्हणाली. "हे पहिल्याच दिवशी बोलला असतास तर वन्संचे दादरहून यायचे हाल वाचले असते."

रुचिता शर्ट उचलून घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी पण खरं सांगू? मला भीती वाटली. माझी आई नोकरी करते. बाळ झाल्यावर तुम्ही घरी असाल असंच मी धरून चालले होते. विचारलं नव्हतं कधी. धरून चालले होते."

विनिता तिच्याजवळ गेली. हे मात्र तिला लागलं. विपुलचं लागलं नव्हतं.

"तुझं बाळंतपण मी करीन. मोरवा काही विलायतेत नाही, उड्डाणपूल ओलांडला की आलं. पण तू मला विचारायचंस आणि मी हो म्हणायचं, असं होईल ते. मी सोफ्यासारखी घरात असतेच, असं नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?" विपुल म्हणाला. "मी रजिस्ट्रारकडे साक्षीदार म्हणून सही करणार नाही."

"नको करूस. सही करणारी माणसं मला मिळतील. तुला बोलवायचं होतं ते सहीसाठी नाही." तिने दोरीवरचे मोकळे चिमटे काढून घेतले. "उद्या लग्नाची नोटीस देतोय आम्ही. लग्नाला तू आलास तर मला आवडेल. नाही आलास तर मी रडेन, आणि रडून झाल्यावर लग्न करीन."

"आत्मारामला काय वाटलं असतं याचा तरी विचार कर," गिरिजावन्सं म्हणाल्या. हे त्यांचं शेवटचं होतं आणि ते त्यांनी राखून ठेवलं होतं.

"त्यांना काय वाटतं याचाच विचार केला, वन्सं. ते होते तेवढी सगळी वर्षं. दुसरा विचार करायला जागाच नव्हती." हे तिने रागाने म्हटलं नाही. उलट म्हणून झाल्यावर तिने हॉलमधल्या फोटोकडे पाहिलं, आणि आत्माराम नेहमीसारखेच सभ्यपणे समोर बघत होते.

ती आत जाऊन साडी बदलून आली. निळी, काठाची. पायात चपला सरकवता सरकवता म्हणाली, "रुचिता, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. सुरमई मुरवून ठेवलीय, ती मी आल्यावर तळीन. मी शिवदासना जेवायला घेऊन येतेय. वन्सं, तुम्ही थांबणार आहात का?"

गिरिजावन्संनी पर्स उचलली, मग परत खाली ठेवली. "माणूस बघितला तरी पाहिजे," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "शून्य कसं दिसतं ते कळू दे."

विपुल गॅलरीच्या दारात तसाच उभा राहिला. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विनिताने त्याच्या उत्तरासाठी थांबायचं ठरवलं नव्हतं, आणि ती थांबली नाही.

खाली कोपऱ्यावर रिक्षावाला मान मागे टाकून झोपला होता. तिने हूड वाजवलं.

"मोरवा चलोगे?"

त्याने एक डोळा उघडला. "वेस्ट में? नहीं मॅडम. उधर से खाली आना पडता है."

"खाली नहीं आना पडेगा," विनिता आत बसत म्हणाली. "उधर रुकना. वापसी में दो सवारी है."